छपराखालचा फोम : ठेवायचा की खरवडायचा?

ब्रिटनमध्ये घराचा सौदा अडकायला अलीकडे एक नवं कारण झालं आहे. गिऱ्हाईक ठरतं, भाव जमतो, आणि मग बँकेचा सर्वेअर शिडी लावून लॉफ्टमध्ये डोकं घालतो. वाशांच्या मधे फुगीर, खडबडीत, पिवळट थर दिसला की तो मुकाट्याने खाली येतो आणि अहवालात लिहितो : छपराचं लाकूड पाहता आलं नाही, सबब मूल्यांकन देता येत नाही. कर्ज थांबतं आणि गिऱ्हाईक दुसरं घर बघायला लागतं.

साठ-सत्तरच्या दशकांत इथे आलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची घरं आता एकेक करून विकायला निघत आहेत. आई-वडील थकले, जिने चढवत नाहीत, मुलांना त्यांना जवळ आणायचं असतं. दुसरीकडे स्लाऊ, रेडिंग, हॅरो भागात पहिलंवहिलं घर घेणारी आयटीतली तरुण मंडळी आहेत. दोघांनाही हा फोम आडवा येतो. विकणाऱ्यांना जरा जास्तच, कारण फोमवाल्यांनी दारं ठोठावली ती बहुतेक वयस्कर माणसांची.

अशा वेळी घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, कशाला उगाच हात लावायचा, चांगलं उबदार आहे की. दुसरा म्हणतो, उद्याच माणूस बोलावून सगळं खरवडून टाका. मला दोन्ही घाईची मतं वाटतात. फोम आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तो कोणत्या जातीचा आहे, कशाला चिकटलाय आणि त्यामागचं लाकूड कोरडं आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय एक पौंडही खर्च करू नये. आणि काढायचाच ठरला तर ती साफसफाई समजू नये. ते छपराचं काम आहे, छपराच्या कामाइतकंच जोखमीचं.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेलं रसायन; आपल्या गादीत, सोफ्यात आणि फ्रिजच्या भिंतीत त्याचेच भाऊबंद असतात. छपरासाठी दोन पिंपं आणतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि इतर मसाला. दोन्ही गरम नळ्यांतून बंदुकीच्या तोंडाशी येतात, तिथे मिसळतात आणि लाकडावर पडताच काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. ब्रिटनमध्ये हे काम जुनंच. पण अनेकांच्या लॉफ्टमध्ये ते पोचलं सरकारी योजनेमुळे. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रीन होम्स ग्रँट सुरू झाली. खर्चाच्या दोन-तृतीयांश, जास्तीत जास्त ५,००० पौंड, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना १०,००० पौंडांपर्यंत पूर्ण खर्च मिळायचा. ३१ मार्च २०२१ला नवे अर्ज घेणं बंदही झालं. एवढ्या सहा महिन्यांत व्हाउचर वटवायची जी धावपळ झाली, तिच्यात कित्येक घरांत लाकूड न तपासताच बंदुका चालल्या. सरकारने पैसे दिले म्हणजे काम तपासून झालं असणार, असं लोकांनी धरून चाललं. साहजिकच होतं ते.

आता जाती. त्या दोनच, ओपन सेल आणि क्लोज्ड सेल. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, बोट लागतं. टॉर्च घ्या, जुने कपडे आणि मास्क घाला, आणि लॉफ्टमध्ये आडव्या तुळयांवरच पाय ठेवत जा. मधल्या पातळ छतावर पाय पडला तर तो थेट खालच्या बेडरूममध्ये निघतो, हे लक्षात ठेवा. दोन वाशांच्या मधे फोमवर बोट दाबा. ताज्या पावासारखा आत जाऊन परत वर आला तर ओपन सेल. बोट जराही रुतलं नाही, टिचकी मारल्यावर टकटक वाजला, तर क्लोज्ड सेल. रंगावर जाऊ नका. दोन्ही पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत कसेही असतात, आणि जुने झाले की दोन्ही तपकिरी पडतात.

ओपन सेल फवारल्यावर मूळ द्रवाच्या सुमारे शंभरपट फुगतो, क्लोज्ड सेल तीस-चाळीसपट. म्हणून पहिला हलका, घनमीटरला आठ-दहा किलो. दुसरा तीस किलोंच्या पुढे. तेवढीच ऊब राखायला क्लोज्ड सेलचा थर ओपन सेलच्या दोन-तृतीयांश जाडीचा पुरतो. जाहिरातीत एवढंच सांगतात. खरा फरक वाफेचा आहे. ओपन सेलमधल्या कप्प्यांची तोंडं एकमेकांत उघडी असतात, त्यामुळे पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते. क्लोज्ड सेलचे कप्पे बंद असतात, वाफ जवळजवळ अडते. यातला कोणता चांगला, असं विचारलं तर उत्तर नाही. वाफ आरपार जाणं चांगलं की वाईट, हे पलीकडे काय आहे त्यावर ठरतं.

वाफेचा हिशेब जरा नीट बघू, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. चार माणसांच्या घरात स्वयंपाक, आंघोळी, कपडे आणि नुसता श्वास यांतून दिवसाला सात ते दहा-बारा लिटर पाणी हवेत जातं. आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, उकळत्या डाळी आणि हिवाळ्यात रेडिएटरवर वाळत घातलेली चादर यांची भर घाला. ही उबदार दमट हवा वर चढते, लॉफ्टच्या झाकणाच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून माळ्यावर जाते. फोम नसलेल्या जुन्या छपरात ती वळचणीच्या फटींमधून बाहेर पडते. माळा थंड असतो, पण वारा खेळत असतो. ओपन सेल फवारलेल्या छपरात ती फोममधून हळूहळू पलीकडे झिरपते आणि मागच्या थंडगार पृष्ठभागाला लागून तिचं पाणी होतं. ते पाणी वाशाच्या पाठीला बसतं. आपल्याला दिसते ती वाशाची खालची बाजू, तीही उघडी असलीच तर. आणि तिकडे सगळं ठणठणीत. ओपन सेलवर आतल्या बाजूने वाफ अडवणारा थर हवा असतो तो यासाठी. बहुतेक घाईच्या कामांत तो नसतो.

म्हणून दुसरी तपासणी : फोम कशावर मारलाय? लॉफ्टच्या कोपऱ्यात, चिमणीच्या कडेला किंवा वळचणीपाशी कुठेतरी फोम संपलेला असतो. तिथे मागे काय दिसतं बघा. काळं, डांबरी, कडक कापड दिसलं तर ते जुनं बिटुमेन फेल्ट. त्यातून वाफ जात नाही. साधारणपणे २००० सालाच्या आधीच्या छपरांत तेच सापडतं. फिकट रंगाचं, प्लास्टिकसारखं पातळ कापड असेल तर ते श्वास घेणारं मेम्ब्रेन असू शकतं. काही चांगल्या कामांत फेल्ट आणि फोम यांच्यामध्ये हवा खेळावी म्हणून पन्हळी पुठ्ठे बसवलेले असतात. ते दिसले तर फवारणाऱ्याला आपलं काम येत होतं, एवढं समजायला हरकत नाही. डांबरी फेल्टवर, पुठ्ठ्याशिवाय, वाफ अडवणाऱ्या थराशिवाय ओपन सेल मारलेला असेल तर मात्र पुढचा कागद उलटायच्या आधीच कपाळाला आठ्या पडायला हव्यात.

याहून वाईट प्रकार एक आहे. फेल्ट नसलेल्या जुन्या घरांत क्लोज्ड सेल थेट स्लेटच्या किंवा कौलांच्या पोटाला मारलेला असतो. खिळे गंजून स्लेट घसरायला लागल्या की नवं छप्पर घालायला पैसे लागतात, आणि तेवढ्यात कोणीतरी येऊन सांगतं की आतून फवारलं की सगळ्या जागच्या जागी चिकटतील. चिकटतातही. पण मग एक स्लेट फुटली तर ती एकटी काढता येत नाही, तिच्याबरोबर शेजारणी आणि फोमचा लगदा येतो. आत शिरलेलं पाणी खाली गळत नाही, फोममागे रिपांच्या कडेने फिरत राहतं. कोकणात ज्यांनी पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मंगळुरी कौल सुटं असतं म्हणूनच फुटलेलं उचलून नवं सारता येतं, गळती कुठून होते तेही कळतं. उकाडा कमी व्हावा म्हणून कौलांच्या पोटाला फोम मारून देतो असं तिकडे कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

पुण्या-मुंबईकडच्या गच्चीची गोष्ट जरा निराळी. तिथे ‘पफ’चा, म्हणजे याच फोमचा, फवारा काँक्रीटच्या स्लॅबवर किंवा शेडच्या पत्र्यावर असतो. स्लॅब काही कुजत नाही. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी उघडा फोम पिवळा पडून भुकटी होतो, म्हणून वरचं कोटिंग ठरावीक काळाने पुन्हा द्यावंच लागतं. ते फाटलं की पावसाचं पाणी फोमखाली शिरतं आणि गळती एका ठिकाणी, भेग दुसऱ्या ठिकाणी असा लपंडाव सुरू होतो; तोवर आतल्या सळ्या गंजतात. काढताना पात्याने पट्टे कापून खोऱ्याने-छिन्नीने उचलतात, सोबत वरचा गिलावाही थोडा येतोच. पावसाळ्याआधी पुन्हा वॉटरप्रूफिंग करून घ्यायला वेळ उरेल एवढ्या लवकर, म्हणजे फार तर मार्चमध्ये, हे काम काढावं.

पुन्हा ब्रिटनकडे. तिसरी तपासणी लाकडाची, आणि ती स्वतः करू नये. स्वतंत्र सर्वेअर बोलवा. स्वतंत्र याचा अर्थ, ज्याला फोम काढण्यात किंवा मारण्यात एक पेनीही मिळत नाही असा. आरआयसीएस या सर्वेअरांच्या संस्थेचं सामान्य घरमालकांसाठी मार्गदर्शन आहे; प्रॉपर्टी केअर असोसिएशनने २०२३ मध्ये फोम असलेल्या छपरांच्या तपासणीची ठरीव पद्धत आणली. त्या पद्धतीने काम करणारा माणूस मागा. तो काही ठिकाणी फोमचे चौकोनी तुकडे कापून काढील, वाशाची बाजू आणि पाठ उघडी करील, मीटरच्या दोन सुया थेट लाकडात खुपसून ओलीचं प्रमाण मोजील. वीस टक्क्यांच्या वर लाकूड बराच काळ राहिलं तर कुजण्याची भीती असते. वळचणीजवळ, आढ्याजवळ, चिमणीभोवती आणि उत्तरेच्या पाख्यात, जिथे ऊन पोचत नाही, तिथले आकडे वेगवेगळे नोंदवले आहेत का ते बघा. एकाच जागी सुई टोचून ‘छप्पर गेलं’ म्हणणाऱ्यावर विश्वास नको. जानेवारीतल्या धुक्याच्या आठवड्यात चांगलं लाकूडही थोडं जास्त ओल दाखवतं. आकडे सीमेवर असतील तर मे महिन्यात पुन्हा मोजून घेणं हा घाबरटपणा नव्हे, शहाणपणा आहे.

सर्वेअर येण्यापूर्वी कागद शोधून ठेवा. फवारण्याआधी केलेल्या पाहणीचा अहवाल, कोणत्या कंपनीचा कोणता फोम, बीबीए किंवा किवा यांपैकी एका संस्थेचं त्याला मिळालेलं प्रमाणपत्र, ओलीच्या धोक्याचा हिशेब, कामाआधीचे फोटो, बिल्डिंग कंट्रोलचा कागद, विम्याचा आधार असलेली हमी. नुसतं ‘पंचवीस वर्षांची गॅरंटी’ असं छापलेलं चकचकीत पान असेल आणि कंपनी बुडाली असेल, तर ते पान रद्दीच. विम्याचा आधार असेल तर मात्र कंपनी गेल्यावरही दाद मागता येते, म्हणून ते पॉलिसीचं पत्र वेगळं शोधा. वडिलांच्या कपाटातल्या फायली चाळताना हे कागद हमखास बॉयलरच्या सर्व्हिसच्या पावत्यांमध्ये सापडतात.

बँकांचं धोरण एकसारखं नाही. बीबीसीने २०२४ मध्ये तपास केला तेव्हा मोठ्या कर्जदात्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश छपरात फोम असेल तर कर्जच देत नव्हते. बाकीचे सर्वेअरच्या अहवालावर सोडत होते. उतारवयात घरावर पैसे उचलायची जी इक्विटी रिलीज योजना असते, तिथे नकार जास्तच. ही धोरणं बदलत राहतात, म्हणून मॉर्गेज ब्रोकरला आजचं धोरण विचारा, शेजाऱ्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका. आणि विकताना लपवू नका. टीए-सिक्स या माहितीपत्रात घरात केलेल्या कामांबद्दल, हमीपत्रांबद्दल प्रश्न असतात. तिथे खोटं लिहिलं तर सौदा झाल्यावरही नुकसानभरपाईचा दावा मागे लागू शकतो.

आता फोम काढणाऱ्यांच्या फोनबद्दल. फोम मारणारे जसे दारात आले, तसेच आता काढणारे फोनवर येतात. कधी कधी तीच माणसं, नव्या नावाने. ‘तुमच्या छपरात फोम असल्याची आमच्याकडे नोंद आहे’, ‘सरकारने आता हे बेकायदा ठरवलंय’, ‘या आठवड्यात केलं तर निम्म्या दरात’. बेकायदा वगैरे काही नाही. असं बोलणारा माणूस फुकट तपासणीला येतो, मीटर लावतो, लाल दिवा दाखवतो आणि आईच्या हातात पेन देतो. या वेळी लक्षात ठेवायच्या दोन तरतुदी आहेत. घरी येऊन करून घेतलेला असा करार साधारणपणे चौदा दिवसांत रद्द करता येतो. मात्र काम लगेच सुरू करा असं लेखी दिलं, तर झालेल्या कामाचे पैसे पडतात, म्हणून त्या ओळीवर सही करू नका. आणि १०० पौंडांपेक्षा जास्त, ३०,००० पौंडांपर्यंतच्या कामाचा थोडा जरी हिस्सा क्रेडिट कार्डने भरला, तर काम फसल्यास कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं. १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ ते हेच. सगळे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे दार दाखवा.

एवढं झाल्यावर निर्णय सोपा होतो. श्वास घेणाऱ्या मेम्ब्रेनवर, कागदपत्रांसह, कोरड्या लाकडावरचा फोम असेल, घर विकायचं नसेल, तर मी तो तसाच ठेवीन आणि दर हिवाळ्यानंतर एकदा लाकूड मोजून घेईन. थेट स्लेटवर मारलेला असेल, वासे फोममध्ये पूर्ण बुडालेले असतील किंवा ओल वीसच्या वर टिकून असेल, तर काढावाच लागतो. लाकूड कोरडं आहे पण कागद नाहीत आणि पुढच्या वर्षी विकायचंय, ही सर्वांत त्रासदायक अवस्था. तिथे काढण्याचा खर्च हा दुरुस्तीचा नसून विक्रीचा खर्च असतो, आणि किंमत ठरवताना तो तसाच मांडावा.

काढण्याचं काम कसं चालतं ते माहीत असलं की कोण नीट करतोय ते कळतं. आधी लॉफ्टमधलं सगळं सामान खाली. गणपतीच्या मखराचे खांब, जुन्या सुटकेसी, मुलांची वह्या-पुस्तकं, सगळं. कारण फोमची धूळ कशावर बसली की निघत नाही. खालच्या जिन्यावर, कार्पेटवर पॉलिथिन, लॉफ्टच्या दाराला पडदा, आणि हवा ओढून गाळणारं यंत्र. कामगाराच्या तोंडावर साधा कापडी मास्क असेल तर त्याला परत पाठवा; पी-थ्री दर्जाचा मास्क, गॉगल आणि पूर्ण अंग झाकणारा झगा हवा. फवारताना उडणारं आयसोसायनेट दमा लावतं हे पक्कं माहीत आहे. घट्ट झालेल्या फोमचा तसा धोका नसला तरी त्याची बारीक धूळ फुप्फुसाला चांगली नाही. घरातल्या कुणाला दमा असेल तर ते दोन-चार दिवस त्याने नातेवाइकांकडे काढावेत.

मग वीजतारा. फोममध्ये गाडलेल्या तारेतून उष्णता बाहेर पडत नाही, तिचं आवरण आतून कडक होतं, आणि करवतीला ती दिसत नाही. चांगला गडी आधी तारा कुठून जातात ते शोधतो, त्या भागाची वीज बंद करतो आणि तिथे हाताने कापतो. ओपन सेल तुलनेने शहाणा असतो. लांब पात्याने दोन वाशांच्या मधला लादा कापला की तो मोठ्या तुकड्यांत सुटतो, उरलेला पत्र्याच्या खरवडणीने निघतो. मधल्या आकाराच्या घराला दोन-तीन दिवस पुरतात. क्लोज्ड सेल अक्षरशः नखानखाने काढावा लागतो. मोठा भाग कापून झाला तरी लाकडाला चिकटलेला शेवटचा पापुद्रा तारेच्या ब्रशने, कंप पावणाऱ्या पात्याने घासावा लागतो. इथेच नुकसान होतं. कंटाळलेला माणूस रंधा मारतो, आणि फोमबरोबर वाशाचं दोन-तीन मिलिमीटर लाकूडही जातं. वासे आधीच बारीक असलेल्या घरात हे खपवून घेऊ नका. काम सुरू होण्यापूर्वी दोन वाशांची जाडी मोजून लिहून ठेवा, संपल्यावर पुन्हा मोजा.

गरम पात्याने किंवा ज्योतीने फोम कापायचा नाही. जळता पॉलियुरेथेन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सोडतो. फोम विरघळवणारं जादूचं द्रावण विकणाऱ्यापासूनही दूर राहा. ओल्या फोमला अ‍ॅसिटोन चालतं, घट्ट झालेला साध्या द्रावणांना दाद देत नाही. काही कंपन्या कोरड्या बर्फाचे खडे दाबाने मारतात. उणे ७८ अंशांचा तो मारा फोमला ठिसूळ करून उडवतो आणि लाकूड कमी दुखावतं. पण बंद माळ्यावर कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून हवेची सोय बघा.

फेल्टचं काय, हे दरपत्रकात लिहून घ्या. फोम डांबरी फेल्टला पक्का चिकटलेला असतो आणि निघताना ते फाडून येतो. ‘जमेल तेवढं वाचवू’ या तोंडी आश्वासनाला अर्थ नाही. किती फाटलं तर ठिगळ, किती फाटलं तर बाहेरून कौलं काढून नवं मेम्ब्रेन, आणि त्याचे पैसे कोण देणार, हे आधी ठरलं पाहिजे. स्लेटच्या पोटाला मारलेला क्लोज्ड सेल असेल तर मी खरवडण्याच्या फंदातच पडणार नाही. स्लेट फुटतात, मजुरी वाढत जाते, आणि शेवटी नवं छप्पर घालावंच लागतं. सरळ छपरवाल्याकडून बाहेरून सगळं उतरवून घ्यावं. साध्या काढणीला काही हजार पौंड लागतात. नव्या छपरासकट आकडा दहा हजारांच्या पुढे सहज जातो. तीन दरपत्रकं घ्या, आणि त्यांत एक छपरवाल्याचं असू द्या.

काम ठरवण्याआधी छपरात वटवाघळं नाहीत ना, तेही बघा. ब्रिटनमध्ये त्यांना आणि त्यांच्या वस्तीला १९८१च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. लेंड्या दिसल्या तर तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हात लावता येत नाही. वरच्या मजल्यावरचा लीजहोल्ड फ्लॅट असेल तर छप्पर बहुधा तुमचं नसतंच. फ्रीहोल्डरची लेखी परवानगी हवी. फोमचा कचरा वजनाला हलका पण डोंगराएवढा होतो. तो नेणाऱ्याकडे कचरा वाहतुकीची नोंदणी आहे ना ते तपासा, नाहीतर रस्त्याकडेला सापडलेल्या पिशव्यांमध्ये तुमच्याच पत्त्याचं पाकीट निघायचं. फार जुन्या क्लोज्ड सेलमध्ये ओझोनला घातक वायू असू शकतात. त्याची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या नियमांनी होते.

फोम गेला म्हणजे काम संपलं असं समजून बरेच लोक इथेच थांबतात आणि पुढच्या डिसेंबरात कुडकुडतात. उघडं झालेलं लाकूड आधी वाळू द्या, मऊ पडलेले भाग सुताराकडून तपासा. वळचणीच्या फटी फोमने बुजलेल्या असतात, त्या मोकळ्या करा. पंधरा अंशांपेक्षा जास्त उताराच्या छपराला वळचणीत सलग दहा मिलिमीटरची वाट हवी असते. मग ऊब वाशांच्या पातळीवर न ठेवता छताच्या पातळीवर आणा : आडव्या तुळयांच्या मधे आणि वर मिळून २७० मिलिमीटर खनिज लोकर. लोकर वळचणीत कोंबून मोकळी केलेली फट पुन्हा बंद करू नका. लॉफ्टच्या झाकणाला पाठीमागून लोकर आणि कडेने रबरी पट्टी लावा. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये हवा बाहेर फेकणारा पंखा आहे का, आणि त्याचं तोंड माळ्यात न उघडता खरंच घराबाहेर उघडतं का, हे मुद्दाम बघा. ते माळ्यात सोडलेलं अनेक घरांत आढळतं.

फोम असताना उबदार असलेला माळा आता बाहेरइतका थंड होणार आहे. तिथली पाण्याची टाकी आणि नळ गोठू शकतात. नळांना फोमच्या नळ्या चढवा, टाकीला बाजूंनी आणि वरून लोकरीचं आवरण घाला, मात्र टाकीच्या खाली लोकर घालू नका. खालच्या खोलीची थोडी ऊब वर येऊ द्यायची असते. हे सगळं झालं की काढणाऱ्या कंपनीचं पूर्णतेचं पत्र, आधीचे आणि नंतरचे फोटो आणि लाकडाचे दोन्ही वेळचे आकडे एका फायलीत ठेवा आणि पहिल्याच सर्वेअरला पुन्हा बोलवा. त्याची नवी पाहणी हातात आल्यावर मगच घर एजंटकडे द्या.